प्रीमियर पद्मिनीचा पत्रा: घासकाम, इपॉक्सी आणि कोकणची हवा

जुनी_फियाट

नमस्कार मंडळी,

घरच्या १९७८च्या प्रीमियर पद्मिनीचं रंगकाम सध्या चालू आहे. गाडी रत्नागिरीत, समुद्राच्या वाऱ्यावर असते. इंजिन, ब्रेक, वायरिंग आधीच उरकलंय, त्यामुळे या धाग्यात फक्त पत्रा आणि रंग.

मला जे ठामपणे वाटतं ते आधी सांगतो. आपल्याकडे जुनी गाडी रंगवायला दिली की सगळी चर्चा वरच्या रंगाची होते. कुठल्या कंपनीचा, किती कोट, चमक किती. पण कोकणात रंग टिकणार की फुगणार हे त्याच्या बरंच आधी ठरतं. पत्रा उघडा केल्यावर किती वेळ तसाच राहिला, यावर ते ठरतं. गॅरेजात नेहमीची पद्धत अशी की अख्खी गाडी एकदम खरवडायची. मग पत्र्याचं काम निवांत चालतं, मध्ये दुसरी गाडी येते, सण येतो, आणि ही तशीच उभी. दमट हवेत घासलेल्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस छटा धरते. त्यावरच पुट्टी, त्यावर प्रायमर. दोन पावसाळे गेले की मडगार्डच्या कडेला फोड दिसायला लागतात.

म्हणून मी एका वेळी एकच भाग उघडतोय. बोनेट घेतलं तर बोनेट. सकाळी घासायला सुरुवात, दुपारपर्यंत स्वच्छ पत्रा, आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्यावर टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, इपॉक्सी प्रायमर. ठोकाठोक, पुट्टी, सरफेसर (घासून सपाट करायचा जाडसर प्रायमर) हे सगळं त्यानंतर, इपॉक्सीच्या वर. पत्रा उघडा ठेवून झोपायला जायचं नाही, एवढा एकच नियम पाळतोय.

सुरुवातीला गाडी नीट तपासली. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक अंगावरून फिरवलं. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टीचा जाड थर. मग रंगाची जाडी मोजायचा मीटर लावला. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. छपरावर त्याच्या आसपास आकडा आला, म्हणजे तिथे पुट्टीचा थर नाही. डाव्या मागच्या मडगार्डवर मात्र आकडा १,०००च्या वर गेला. एक मिलिमीटरपेक्षा जाड!

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती डिलाइट या नावाने काढली आणि १९७४ मध्ये तिचं पद्मिनी झालं. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे दारांखालची पोकळ पेटी आणि फ्लोअर सडलं असेल तर तो रंगाचा विषय राहत नाही. आधी कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. तिथे पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे धोका झाकणं. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंच्या पेट्यांचा मागचा भाग आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं फ्लोअर बदलावं लागलं. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढून घेतली. ज्यांना हे माहीत आहे त्यांनाही पुन्हा सांगतो.

सर्वांत जास्त गंज कुठे निघाला? पुढच्या काचेच्या रबराखाली. बाहेरून रंग अगदी धड दिसत होता. रबर काढल्यावर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्र्याचे पापुद्रे हाताने निघाले. रबर तसंच ठेवून मास्किंग टेप लावून रंगवलं असतं तर हे कळलंच नसतं. त्यामुळे माझा आग्रह आहे की काचा, रबरं, क्रोमच्या पट्ट्या, दारांच्या मुठी, दिवे सगळं उतरवूनच रंगवा.

आता बोनेट, छप्पर आणि उजवी दोन्ही दारं इपॉक्सीत आहेत. अनुभवी मंडळींनी पुढच्या पायऱ्यांवर मतं द्यावीत ही विनंती. आणि कुणाला पहिल्या पायऱ्यांबद्दल विचारायचं असेल तर जरूर विचारा.

पेठेतला_गिअर

वाचनखूण साठवली. आमच्याकडे १९७३ची आहे, छपराला गंज सुटलाय. एक प्रश्न: खरवडायला केमिकल रिमूव्हर वापरलात की नुसता पॉलिश पेपर?

देवगडकर

छान धागा. समुद्राकाठच्या गाड्यांबद्दल एक गोष्ट राहिली ती सांगतो. पेपर हातात घ्यायच्या आधी गाडी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, खालून आणि मडगार्डच्या आतूनसुद्धा, आणि पूर्ण वाळू द्या. अंगावर मीठ असताना घासलं तर ते मीठ गंजाच्या खड्ड्यांत दाबून बसतं. वरून कितीही भारी प्रायमर मारा, रंगाच्या थरातून ओलावा थोडा थोडा आत जातोच, मीठ तो ओढून घेतं आणि आतून दाब येऊन बारीक फोड उठतात. आमच्या बोटींच्या लोखंडी भागांवर हेच बघत आलोय. बंदरावरची माणसं पत्रा घासल्यावर पुन्हा एकदा पाण्याने पुसतात, लगेच कोरडा करतात, मगच प्रायमर.

जुनी_फियाट

@देवगडकर, अगदी बरोबर, आणि हे धाग्यात यायलाच हवं होतं. धन्यवाद.

@पेठेतला_गिअर, सपाट मोठ्या भागांवर ८० नंबरचा पेपर लावून डीए सँडर (पॅड फिरवून घासणारं मशीन), आणि कोपऱ्यांत हाताने. रिमूव्हर मी फक्त सुट्या काढलेल्या दारांवर वापरला. तो सांध्यांत आणि दुमडींत शिरून बसतो, धुतला तरी थोडा राहतो आणि महिन्यांनी नव्या रंगाखालून बाहेर येतो. गाडीला जोडलेल्या भागांवर म्हणून नको वाटला. ग्राइंडरची चकती तर अजिबात लावू नका. पत्रा तापतो, पातळ होतो आणि बोनेटसारखा सपाट भाग लहरतो. तेच वाळूच्या ब्लास्टिंगचं. जाड भागांना, ब्रॅकेटना ठीक, पण छपरावर नेमकं जोराने मारलं तर पत्रा ताणला जाऊन वाकडा होतो आणि मग तो सरळ करणं डेंटरच्याही हाताबाहेर जातं.

घासताना बोनेटवर एक जागा अशी आली की सगळे थर एकाखाली एक उघडे पडले. वरती पांढरा, मग करडा, मग पुट्टीचा गुलाबीसर पट्टा, मग एक हिरवा, त्याखाली तपकिरी प्रायमर आणि मग पत्रा. आरसीवर रंग पांढरा आहे. डिकीच्या आतल्या बाजूला आणि डॅशबोर्डच्या मागे तोच हिरवा निघाला. म्हणजे गाडी कारखान्यातून हिरवी आली होती. आता तोच हिरवा परत मारायचा विचार आहे.

रंगकाम_कोल्हापूर

जुनी_फियाट दादा, काम मन लावून चाललंय, वाचून बरं वाटलं. मी कोल्हापुरात आयुष्यभर हेच काम केलं. आता मुलगा बघतो, पण हात अजून चालतो. दोन गोष्टी सांगतो, पटतील त्या घ्या.

एक, पुट्टी. पुट्टीला नावं ठेवतात सगळे, पण दोष पुट्टीचा नसतो. डेंटरनं पत्रा हातोडी-डॉलीनं (डॉली म्हणजे पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) नीट बसवायचा, पुट्टी फक्त शेवटची लहर भरायला. दोन मिलिमीटरच्या वर भरावी लागत असेल तर गाडी परत डेंटरकडं पाठवायची. हार्डनर डोळ्यानं नाही, मापानं टाकायचा. जास्त पडला की नंतर वरच्या रंगातून पिवळसर डाग वर येतो, कमी पडला की पुट्टी आत मऊच राहते आणि पेपर चिकटतो.

दुसरी, घासाई. बोटांनी पेपर दाबून घासायचं नाही. पेपराला पाठीमागं ठोकळा पाहिजेच, मोठ्या भागाला हातभर लांब फळी पाहिजे. बोटांनी घासलं की बोटांच्या मध्ये पत्रा उंच राहतो, आणि तो दोष प्रायमरमध्ये दिसत नाही. काळा किंवा गडद रंग मारला की ट्यूबलाइटच्या उजेडात दाराच्या अंगावर सगळी ओळ दिसते. घासाई तिरकी करायची, एकदा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलट. पुढंमागं सरळ ओढलं की चर पडतात.

सरफेसर मारला की त्यावर काळ्या रंगाची अगदी हलकी फुंकर मारायची. त्याला आता सगळे गाइड कोट म्हणतात. मग ठोकळ्यानं घासत जायचं. उंच भागावरचा काळा लगेच जातो, खोल भागात काळे ठिपके राहतात. ते ठिपके घालवायला तिथंच जास्त घासलं की खड्डा वाढला. थांबायचं, तिथं परत सरफेसर नाहीतर बारीक पुट्टी, आणि सगळा भाग परत पहिल्यापासून. एका दाराला दोन-तीनदा असं करावं लागतं. गिऱ्हाईक विचारतं की रंग कधी मारणार. मी म्हणायचो, हेच रंगकाम चाललंय.

एक मात्र विचारतो. वरचा रंग तुम्ही बहुतेक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, मारणार. जुन्या फियाटला एनसी ड्युको का नको? त्याची चमक वेगळी असते.

पेठेतला_गिअर

काका, दंडवत. गाइड कोटचं एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

रसायनी

मी रंगांच्या क्षेत्रातच काम करते, लॅबमध्ये. एनसी की पीयू यावर थोडं लिहिते, कारण या प्रश्नाचं उत्तर हवेशी जोडलेलं आहे.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँने ड्युको या नावाने तो मोटारींसाठी आणला आणि तेव्हापासून आपल्याकडे गाडीच्या स्प्रेच्या रंगाला सरसकट ड्युकोच म्हणतात. तो वाळतो ते निव्वळ थिनर उडून गेल्यामुळे. रासायनिक जोडणी काही होत नाही. याचा फायदा असा की वर्षांनी ओरखडा पडला तरी तेवढ्यावर नवा कोट मारता येतो, थिनर जुन्या थरात थोडा विरघळून दोन्ही एकजीव होतात. तोटा तोच. पेट्रोल सांडलं तरी डाग पडतो, उन्हात लवकर पांढुरका पडतो आणि थर जाड झाले की तडे जातात.

पीयूमध्ये हार्डनर घातल्यावर रेणूंची जाळी तयार होते. एकदा वाळला की थिनरने विरघळत नाही, ऊन-पाऊस सोसतो. पुढे दुरुस्तीला मात्र अख्खा भाग घासून मारावा लागतो.

रत्नागिरीच्या हवेत एनसीचा मोठा त्रास म्हणजे पांढुरकेपणा येणं. थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे रंगाचा पृष्ठभाग काही अंशांनी थंड होतो. हवा दमट असली की त्यावर वाफेचं पाणी धरतं आणि ताज्या रंगात अडकतं. रंग दुधाळ दिसतो. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर घालून तो कमी करता येतो, पण पावसाळ्याच्या तोंडावर काहीच उपयोग होत नाही.

प्रायमरलाही हाच हिशोब लागू आहे. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश जास्त हवं. उदाहरण घ्या: हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. म्हणजे पत्रा २९ अंशांच्या खाली असेल तर स्प्रे गन उचलू नये. सकाळी सावलीतल्या गॅरेजात रात्रभर गार झालेला पत्रा त्याच्या खालीच असतो. हाताला कोरडा लागतो, पण त्यावर ओलाव्याचा अदृश्य थर असतो. सकाळी अकराच्या पुढे, पत्रा हवेइतका तापल्यावर काम सुरू करा. बाजारात आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते गॅरेजात टांगून ठेवावं.

आणखी एक, यावर काकांशी थोडा मतभेद होईल. पॉलिएस्टर पुट्टी कधीही पाण्याने घासू नये. तिच्यात टाल्क असतो, ती पाणी धरून ठेवते. वरून कोरडी दिसली तरी आत ओलावा असतो आणि तो खाली पत्र्यापर्यंत पोचतो. पुट्टी नेहमी कोरडीच घासायची. पाणी आणि वॉटर पेपर सरफेसर चढल्यावर, तेही सगळ्या उघड्या कडा झाकल्या गेल्यावर.

रंगकाम_कोल्हापूर

रसायनी ताई, आमच्या काळात सगळं पाण्यानंच घासलं जायचं. धूळ बसावी म्हणून. गाड्या टिकल्या नाहीत असं नाही. पण कोल्हापूरची कोकणापेक्षा कोरडी हवा आणि उन्हात उभी गाडी वेगळी, रत्नागिरी वेगळी, हे मान्य. आणि पत्र्यावर इपॉक्सी असली तर पाणी पत्र्यापर्यंत जाणार नाही, एवढं तरी धरून चालता येईल ना?

रसायनी

हो काका, इपॉक्सीच्या वर पुट्टी असेल तर धोका खूपच कमी. तरी पुट्टीत राहिलेलं पाणी वरच्या थरांना खालून फोड आणू शकतं. म्हणून कोरडं घासणं चांगलं. धुळीसाठी सँडरला व्हॅक्यूम जोडला की बरीचशी धूळ तिथेच ओढली जाते.

आणि धुळीचा विषय निघालाच आहे तर, जुना रंग कोरडा घासताना सांभाळा. जुन्या पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत शिशाचे क्रोमेट असण्याची दाट शक्यता असते. घराच्या रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा आहे. त्यामुळे १९७८च्या गाडीवरचा हिरवा घासताना किमान एन-९५ मास्क, कामाचे कपडे वेगळे, ते घरातल्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत आणि लहान मुलं गॅरेजात नकोत. जुना रंगाचा थर शाबूत आहे तोवर तिथे पाण्याने घासायला हरकत नाही. पत्रा दिसायला लागला की पाणी बंद.

जुनी_फियाट

रसायनी ताई, दवबिंदूचा आकडा डोक्यात पक्का बसला. मी आजवर अंदाजाने दुपारी मारत होतो, आता यंत्र टांगतो.

रंगाबद्दल: एनसीची चमक मलाही आवडते, काका. पण ही गाडी पावसात रोज चालणार आहे. शोसाठी ठेवायची असती तर एनसीच मारला असता. त्यामुळे पीयू, पण क्लिअर कोट न मारता एकच रंगाचा थर. १९७८च्या साध्या रंगाच्या गाडीवर क्लिअर कोट नव्हताच. तो मारला की चमक काचेसारखी येते आणि गाडी जुनी वाटेनाशी होते.

श्टुटगार्टची_मावशी

मी जर्मनीत राहते. नवरा आणि मी मिळून एक जुनी फोक्सवॅगन बीटल उभी करतोय. इथे ३० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला एच अक्षराची पाटी मिळते, त्यासाठी तपासणीत गाडीचं रूप त्या काळाला धरून आहे का हे बघतात. त्यामुळे तुमच्या साध्या एकथरी रंगाच्या निर्णयाला माझा पूर्ण पाठिंबा.

लिहायचं कारण वेगळं आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. युरोपात २४ ऑगस्ट २०२३पासून ते व्यवसायासाठी वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याशिवाय हातच लावता येत नाही. ते फुप्फुसात गेलं की काही लोकांना कायमची ॲलर्जी जडते. मग पुढे अगदी थोडा वास आला तरी दमा उसळतो. बाजारात मिळणारा कार्बनचा मास्क आयसोसायनेटसाठी पुरेसा धरत नाहीत. कारण फिल्टर भरला तरी वासावरून काही कळत नाही. स्प्रे बूथमध्ये (रंग मारायच्या बंद खोलीत) बाहेरून ताजी हवा नळीने पुरवणारा मास्क वापरतात. भारतात घराच्या अंगणात नुसता रुमाल बांधून पीयू मारताना मी स्वतः पाहिलंय, फार वाईट वाटतं. घरी कृपया पीयू मारू नका.

रंगकाम_कोल्हापूर

ताई, हे खरं आहे आणि आमच्या धंद्यात कुणी बोलत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या दोघांना पुढं दमा लागला. तेव्हा आम्ही तो धुळीमुळं झाला असंच समजत होतो. मुलाच्या बूथमध्ये आता हवेचा मास्क आहे, मीच घ्यायला लावला.

जुनी_फियाट

मावशी, खूप महत्त्वाचं लिहिलंत. माझं तसंच ठरलंय. घासाई, पुट्टी, सरफेसरपर्यंत घरी, शेवटचा रंग बूथमध्ये. इपॉक्सीचा हार्डनर अमाईनचा असतो, त्यात आयसोसायनेट नसतं, तरी तोही कातडीला बाधतो, हातमोजे हवेतच. सरफेसर मात्र मी पीयूचा न घेता इपॉक्सीवरच बसणारा, घासता येणारा इपॉक्सी सरफेसर घेतला, म्हणजे घरी आयसोसायनेट येतच नाही. तो पीयूच्या सरफेसरपेक्षा सावकाश वाळतो आणि घासायला जड जातो. एवढी तडजोड मान्य.

आरसी_बुक

रंग हिरवा करणार म्हणताय आणि आरसीवर पांढरा आहे. आधी आरटीओत जाऊन रंगबदलाची नोंद करून घ्या. आरसीवर एक रंग आणि रस्त्यावर दुसरा असं असलं की विम्याच्या दाव्यालाही अडचण येते. गाडी रंगून आल्यावर पळापळ करण्यापेक्षा आधी अर्ज, मग रंग.

पेठेतला_गिअर, तुमची १९७३ची आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचा मार्ग २०२१च्या जुलैपासून मोटार वाहन नियमांत आहे. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले नसावेत. नव्याने नोंद करायची तर २०,००० रुपये शुल्क आणि नोंद १० वर्षांची. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांनी रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पेठेतला_गिअर

धन्यवाद. रोजची नाही, पण रविवारी सिंहगड रस्त्याला निघतेच. तर नकोच ते.

आमच्याकडे एक गॅरेजवाला म्हणतोय की अख्ख्या छपराला पुट्टीचा एक पातळ हात मारून सपाट करून देतो, पत्रा ठोकायची गरज नाही. हे चालेल का? पाच वर्षांपूर्वी एका ठिकाणी असंच करून घेतलं होतं, छपरावर आता कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे आलेत.

रंगकाम_कोल्हापूर

नाही चालणार. छप्पर उन्हात खूप तापतं, रात्री गार होतं, पत्रा फुगतो आणि आवळतो. पुट्टी त्याच्याबरोबर तेवढी हलत नाही. तडे गेले ते त्यामुळंच. आधी जुनी पुट्टी सगळी काढा, पत्र्यापर्यंत. मग दिसेल खाली काय आहे ते. गंजामुळं खड्डे पडलेत की नुसता पोचा आहे, यावर पुढचं ठरेल.

जुनी_फियाट

आणि त्या पुट्टीखाली गंज निघालाच तर त्यावर फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण ब्रशने लावा. गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं, पत्रा करडा-काळसर दिसायला लागतो. पण ते धुऊन, पुसून पूर्ण घालवल्याशिवाय इपॉक्सी मारू नका. पत्र्यावर आम्ल राहिलं तर इपॉक्सी नीट बसत नाही आणि वाळतही नाही. मी धुतल्यावर लगेच हेअर ड्रायरने सुकवतो, मग स्वच्छ कोरड्या फडक्याला थिनर लावून एक हात, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घेतो. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावत नाही, बोटांचं तेल लागतं.

नवखा_पाना

वाचतोय सगळं. एक बाळबोध प्रश्न: पेपरचे नंबर नेमके कुठे कुठले? दुकानदार ८० पासून २००० पर्यंत सगळेच दाखवतो.

जुनी_फियाट

जुना रंग काढायला ८०. पुट्टीला आधी ८०, मग १२० आणि १८०. सरफेसर मारायच्या आधी आजूबाजूच्या रंगाच्या कडा २४० किंवा ३२० ने उतरत्या करून घ्यायच्या, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. सरफेसर गाइड कोट मारून ३२० ने, मग ४००. एकथरी रंगासाठी शेवटी ४०० नाहीतर ६००. मध्ये उड्या मारायच्या नाहीत. १८० वरून थेट ४०० वर गेलात तर १८०चे ओरखडे बुजल्यासारखे वाटतात, पण रंगातला थिनर मुरला की काही दिवसांनी ते पुन्हा वर दिसतात. आधीच्या नंबरचा प्रत्येक ओरखडा पुढच्या नंबरने काढून मगच पुढे.

१५०० आणि २००० रंग वाळल्यावर, पॉलिशच्या आधी.

नवखा_पाना

समजलं. आणि रंग बूथमधून आल्यावर लगेच कंपाऊंड (चमक काढायची पेस्ट) मारायचं की थांबायचं?

रंगकाम_कोल्हापूर

रंगाच्या डब्यावर लिहिलेला वाळायचा वेळ पूर्ण होऊ द्या, आणि घाई नसेल तर दोन आठवडे तसंच उभं करा. मग पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून १५०० वॉटर पेपर, रबराच्या ठोकळ्यावर, संत्र्याच्या सालीसारखा पोत सपाट होईपर्यंत. मग २०००, मग कंपाऊंड.

बोनेटच्या कडा, दाराच्या दुमडी, मडगार्डची धार या सगळ्यांवर आधी बारीक मास्किंग टेप लावा. कडेला रंग नेहमी पातळ असतो, मशीनचा पॅड एकदा फिरला की प्रायमर दिसतो. टेप काढल्यावर त्या कडा शेवटी हातानं, मऊ फडक्यानं. पद्मिनीच्या बोनेटला मध्ये जी उठावाची रेघ आहे तिच्यावर तर मशीन न्यायचंच नाही.

मेण एक महिनाभर लावू नका, रंगातला उरलेला थिनर निघायला वाट राहू दे. आणि सिलिकॉनवालं पॉलिश घरात असेल तर ते गॅरेजच्या बाहेर ठेवा. त्याचा एक कण नव्या रंगावर पडला की रंग तिथून बाजूला सरकून गोल डोळे पडतात, आणि मग तेवढा भाग परत घासावा लागतो.

जुनी_फियाट

@रंगकाम_कोल्हापूर, काका, सिलिकॉनचा डबा आजच हलवला. डावी दारं उद्या घेतोय, आणि डाव्या मागच्या मडगार्डची पुट्टी उकरायची आहे. तिथे खाली काय निघतं ते फोटोंसकट इथेच टाकतो, डेंटरकडे पाठवायच्या आधी तुमचं मत हवंय.